पंडित मास्तरांची कारणं

पंडित मास्तर नागपूरच्या वर्गाहून परत यायचे म्हटलं की मालूबाईला धास्ती पडायची. नवरा घरी येणार म्हणून बायकोनं धास्तावावं, ही काही चांगली गोष्ट नव्हे. पण मास्तर एकटे कधी यायचेच नाहीत ना! शिक्षण खातं दोन-चार वर्षांनी उन्हाळ्यात मास्तरांना गोळा करायचं, सायबांची पुस्तकं वाचलेला कोणी प्रोफेसर त्यांच्यापुढे उभा राहायचा, आणि माणूस जे करतो ते का करतो याचं एक नवंकोरं उत्तर घेऊन मास्तर आपल्या गावी, राजपुऱ्यात, टांग्यातून उतरायचे. पेटी खाली यायच्या आधी उत्तर खाली यायचं. टांगेवाल्यालासुद्धा ते ऐकल्याशिवाय सुटका नसे.

लग्न झालं तेव्हाचं उत्तर त्यातल्या त्यात सोपं होतं. माणूस सुखाकडे धावतो आणि दुःखापासून पळतो, एवढंच. म्हणून शाळेत छडी होती, आणि घरात छडी शोभत नाही म्हणून अबोला होता. वरणात मीठ जास्त पडलं की मास्तर दोन-दोन दिवस बोलत नसत. बायकोला दुःख होईल आणि तिचा हात सुधारेल, हा हिशोब. मालूबाईला ते दिवस इतके निवांत जायचे, की एकदोनदा तिनं मीठ मुद्दामच जास्त टाकलं.

मोठी लढाई संपल्यानंतर एका उन्हाळ्यात छडी गेली आणि सहजप्रवृत्ती आल्या. आता सुखदुःखाचा काही संबंधच उरला नाही. माणूस म्हणे जन्मतःच आत खुंट्या ठोकून येतो. भांडायची एक, साठवायची एक, मिरवायची एक, आणि आयुष्यभर तो त्या खुंट्यांना लटकत असतो. मालूबाई डब्यात पापड भरत असली की मास्तर मागे येऊन उभे. "ही बघ, संचयाची प्रवृत्ती!" शेजारची सोजरबाई विहिरीवर तिच्याशी तंडली, तर मास्तरांनी तिला थांबवून सांगितलं की बाई, यात तुमचा दोष नाही, कोंबडीतही हे असतं. सोजरबाई पुढे महिनाभर त्यांच्या दारात फिरकली नाही.

मग खुंट्याही गेल्या आणि कुत्रा आला. रशियातला. घंटा वाजवली की त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं, म्हणून माणूस म्हणजे नुसती सवय. बक्षीस दिलं की लागते, नाही दिलं की सुटते. मास्तर देवघरातली घंटा उचलून शाळेत घेऊन गेले. देवाची घंटा कुत्र्यासाठी! मालूबाईनं कपाळाला हात लावला. पण तिला सगळ्यात जास्त चीड कशाची यायची, तर प्रत्येक वेळी मास्तर मागचं सगळं चूक ठरवत, आणि त्या चुकीपायी आपण घरच्यांना किती छळलं याबद्दल चकार शब्द काढत नसत.

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांनी तळघर आणलं. माणूस का वागतो हे त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. मनाला खाली एक तळघर असतं, आणि खऱ्या इच्छा तिथे कोंडलेल्या असतात. हे ऐकून मालूबाई एवढंच म्हणाली, "अहो, वरचं घर तर नीट सांभाळा आधी."

आणि नेमकं याच वर्षी कुसुमनं अभ्यास सोडला.

कुसुम त्यांची एकुलती लेक, मुलींच्या शाळेत सातवीत. तिला वाचायला शिकवलं कोणी, हेच कोणाला आठवत नव्हतं, इतक्या लहानपणापासून ती वाचायची. किराण्याच्या पुडीचा कागद दिसला की तो सरळ करून चुलीपाशी बसायची आणि आईला वाचून दाखवायची. मालूबाईला स्वतःला अक्षर ओळखता येत नव्हतं. सातवी झाली की लेकीला अमरावतीला मास्तरणींच्या ट्रेनिंग शाळेत पाठवायचं, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं आणि मास्तरांकडून वदवूनही घेतलं होतं. पण श्रावण लागला आणि कुसुमची पुस्तकं फळीवर गेली ती गेलीच. सहामाहीत तिनं गणिताचा पेपर कोरा दिला. शाळेच्या बाईंनी निरोप धाडला, की दिवाळीच्या सुट्टीआधी एक चाचणी आहे, तीत पास होईल तिचंच नाव मोठ्या परीक्षेला जाईल. तिकडे शाहपूरचे सुकलाल पाटील, केळीच्या बागांचे धनी, आपल्या मुलासाठी तुळशीच्या लग्नानंतर मुलगी बघायला येतो म्हणून बसले होते. कुसुमला पंधरावं लागलं होतं. चाचणीत नापास म्हणजे शाहपूर, यात कोणाला शंका नव्हती.

मास्तरांना लेक पास व्हायला नको होती असं नाही. त्यांनी जिवाचं रान केलं. पण ते त्यांच्या पद्धतीनं! रोज सकाळी तोंड धुवायच्या आत पोरीला समोर बसवून रात्री काय स्वप्न पडलं ते विचारायचं. कुसुम म्हणाली, स्वप्नात म्हैस आली होती. मास्तर दोन दिवस त्या म्हशीवर विचार करत बसले. तिसऱ्या दिवशी मालूबाईनं सांगितलं, की सोजरबाईची म्हैस खरोखरच सुटली होती आणि पहाटे अंगणात शिरून ओरडत होती. तेव्हा कुठे म्हैस गेली.

तळघरातून काही निघेना, तेव्हा मास्तरांनी जुना कुत्रा बाहेर काढला. आश्विनात घरोघरी गुलाबाई बसली होती. संध्याकाळी पोरी जमायच्या, मातीच्या गुलाबाईपुढे गाणी म्हणायच्या, आणि शेवटी घरची बाई बंद डब्यात खाऊ आणायची. तो ओळखायचा असतो. डबा हलवून बघायचा, वास घ्यायचा, काही आंबट का, काही खारट का, म्हणून विचारायचं, ओरडायचं, चुकायचं. ज्या घरचा खाऊ ओळखता आला नाही, त्या घरच्या पोरीची मान ताठ. मालूबाईनं त्या दिवशी तिळाच्या करंज्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या, खुळखुळू नयेत म्हणून. पोरी आल्या. एवढ्यात मास्तर ओसरीवरून उठले, गाणी सुरू व्हायच्याही आधी त्यांनी डब्याचं झाकण काढलं आणि डबा पोरींच्या नाकासमोरून फिरवला.

"मुलींनो, ह्या करंज्या. सगळी गाणी म्हणाल तर एकेक. आणि कुसुम, तू रोज पाच गणितं सोडवशील तर तुला दोन. बक्षीस समोर दिसलं की काम जोमानं होतं."

पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांनी एकच गाणं म्हटलं, तेही मेल्या आवाजात, करंज्या घेतल्या आणि सोजरबाईकडे निघून गेल्या. तिच्याकडे नुसते फुटाणे होते, पण झाकण बंद होतं. तिथला आरडाओरडा दिवेलागणीपर्यंत ऐकू येत होता. कुसुम घरातच बसून राहिली, लाजेनं लाल झालेली. आपल्या करंजीला तिनं हातसुद्धा लावला नाही.

"आश्चर्य आहे," मास्तर म्हणाले.

मालूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आश्चर्य नाही नि काही नाही! पोरींच्या खेळाचा पार इस्कोट केला तुम्ही. तुमाले कोनी सांगितलं होतं मधात पडाले?"

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ती लेकीजवळ नेहमीसारखी करवादली. हा माणूस असा, हा माणूस तसा, याच्यासंगं एक शब्द सुखाचा बोलता येत नाही, तू हाय म्हून मी या घरात तग धरून हाय, पोरी. कुसुम तिच्या अंगावर हात टाकून ऐकत होती. असं ती कितीतरी वर्षं ऐकत आली होती.

कोजागरी झाली, गुलाबाईचं विसर्जन झालं, चाचणी तोंडावर आली तरी पुस्तकं फळीवरच. दिवाळीच्या आधी घरातल्या गोधड्या धुवायच्या असतात, म्हणून मायलेकी गाठोडी घेऊन तापीवर गेल्या. मालूबाईनं मनाशी ठरवलं होतं, आज सोक्षमोक्ष लावायचाच. मास्तरांना कळलं नसलं तरी तिला कारण कळलं होतं. सोप्पं होतं. शाहपूरच्या पाटलीणबाई गेल्या महिन्यात येऊन गेल्या, तेव्हा त्यांच्या हातात कोपरापर्यंत सोनं होतं. पोरीचे डोळे तिथं दिपले.

"खरं सांग," भिजलेली गोधडी दगडावर आपटत ती म्हणाली. "शाहपूरच्या सोन्यात जीव गेला ना तुहा?"

कुसुमनं चमकून पाहिलं. "मले काय करायचं सोन्याले?"

"मंग पोरगा पसंत पडला?"

"मी पाह्यला तरी का त्याले?"

"मंग काहून नाही करत व अभ्यास? मास्तरीन व्हायचं नाही का तुले?"

"व्हायचं होतं."

"होतं म्हंजे? आता काय झालं?"

कुसुम गोधडीचं एक टोक पिळत राहिली. मालूबाईनं दुसरं टोक धरलं होतं. पाणी निथळून संपलं तरी पोरगी पिळतच होती.

"अमरावती लय दूर हाय, माय," ती म्हणाली. "दोन वर्सं तिथं. मंग नोकरी कुठी लागते कोन जाने. शाहपुरून टांग्यानं येता येते. सनावाराले येईन, तू आजारी पडली तं येईन."

"माह्यासाठी?"

"तूच म्हन्ते ना, बाबासंगं एक शब्द बोलता येत नाही. मी गेल्यावर तू बोलशीन कोनासंगं?"

मालूबाईच्या हातून गोधडीचं टोक सुटलं आणि धुतलेली गोधडी चिखलात पडली. एका तोंडानं ती पोरीला शीक म्हणत होती आणि त्याच तोंडानं रोज रात्री मी इथं कशी मरते ते सांगत होती. आणि पोरीनं, जिला जे वाचायला मिळेल ते मन लावून वाचायची सवय, आईलाही तसंच मन लावून वाचलं होतं. मास्तरांनी तळघरं उपसली, कुत्रे आणले. कारण तर ती स्वतःच होती. तिला स्वतःचाच इतका राग आला, की दगडावरचं कपडे बडवायचं धोपाटणं नदीत भिरकावून द्यावंसं वाटलं.

"मी मजेत हाय व," ती शेवटी म्हणाली. "ते आपलं बोलायचं म्हून बोलते. बाया बोलतातच."

कुसुमनं मान हलवली, गोधडी उचलली आणि पुन्हा पाण्यात घातली. तिचा एकाही अक्षरावर विश्वास बसला नव्हता, हे मालूबाईला दिसत होतं. आणि विश्वास बसावा तरी कशाच्या जोरावर?

संध्याकाळी मास्तर शाळेतून आले, पायांवर पाणी घेऊन ओसरीवर टेकले. कुसुम आत दिवा लावत होती. मालूबाईनं चहा त्यांच्यापुढे ठेवला आणि एरवी ती चुलीकडे वळायची, ती आज पदर सावरून तिथेच खाली बसली.

"अहो," ती जरा मोठ्यानंच म्हणाली, आत ऐकू जाईल असं. "ते तळघराचं काय ते सांगा ना मले. नीट सांगा."

मास्तरांनी पेला खाली ठेवला. त्यांनी बायकोकडे असं पाहिलं, की मालूबाईला क्षणभर वाटलं, आता हे विचारणार, आजच काय झालं तुला? माणूस असं का करतो याचं उत्तर शोधण्यात ज्याचा जन्म गेला, त्यानं एवढं तरी विचारायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा एकदम लहान पोरासारखा उजळला. त्यांनी मांडी ठोकली आणि सुरुवातीपासून सुरुवात केली. छडीपासून!

देवा, मालूबाई मनात म्हणाली, छडीपासून! ती ऐकत राहिली. मधे मधे "असं का?" म्हणाली. एकदा हसलीसुद्धा, आणि ते हसू अगदीच खोटं नव्हतं, कारण कोंबडीचं सांगताना मास्तरांनी सोजरबाईची हुबेहूब नक्कल केली. या माणसाला नक्कल करता येते हे तिला आज कळलं. आत दिव्यापाशी कुसुम हात मांडीवर ठेवून बसली होती आणि दारातून दोघांकडे टक लावून बघत होती. बराच वेळ बघत होती. खुंट्या संपल्या, कुत्रा आला, कुत्रा गेला. मालूबाईच्या पायांना मुंग्या आल्या, चूल विझली असणार, राग पुन्हा उफाळू लागला. पण ती उठली नाही. मग फळीवरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. कुसुमनं गणिताचं पुस्तक उघडलं होतं.

मालूबाईचे डोळे भरून आले. पोरगी पास होणार, जाणार, आणि मग या ओसरीवर रोज संध्याकाळी मास्तरांचा हा एवढा एकच आवाज राहणार. तिनं पदर डोळ्यांना लावला.

मास्तर बोलता बोलता थांबले. पुढे झुकून त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं.

"रडू आलं का? येणारच," ते फार हळुवारपणे म्हणाले. "त्याचं कारण सांगतो तुला."

आणि त्यांनी सांगितलं. साफ चूक सांगितलं. मालूबाईनं मान डोलावली आणि म्हणाली, "हो. तसंच असंल."