बसू नका, कोणीतरी यायचंय

मी खुर्ची बोलतेय. लाकडी, हातांची, शाळेतली. माझ्यापायी माणसं एकमेकांचे पाय ओढतात म्हणे. माझ्या वाट्याला मात्र एका मुख्याध्यापकांची पाठदुखी आली आणि दुसऱ्यांचं घोरणं. पुढे फिरत्या खुर्च्या आल्या, नि माझी रवानगी चित्रकलेच्या वर्गात झाली.

तिथे सहावीची मुलं डोंगर-नदी काढून कंटाळली होती आणि बाई ते तपासून. एक दिवस बाईंनी मला वर्गाच्या मधोमध ओढलं. म्हणाल्या, "आजचे कलाकार साध्या वस्तूंनाही बोलायला लावतात. हिला बोलतं करा बघू."

"बाई, मग आमचा माळा म्हणजे प्रदर्शनच की!" मागून कोणीतरी म्हणालं.

बाईही हसल्या. "असेल. पण ती अडगळ तिथे का मांडलीस, हे बघणाऱ्याला जाणवलं पाहिजे."

मुलांनी ठरवलं, घरात ज्याची वाट बघतो त्याची एक वस्तू माझ्यावर बांधायची. बोटीवर नोकरी करणाऱ्या बाबांचा रुमाल आला, दूर राहणाऱ्या आजीची चष्म्याची दोरी आली. एकाने हरवलेल्या मांजराचा पट्टा आणला. मांजर चालेल का, यावर अख्खा तास गेला!

शेवटी आली ती मौनीबाई. मुलगी फारशी बोलायची नाही, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. तिची ताई भांडून घर सोडून गेली होती आणि आईसमोर ताईचं नाव काढायची सोय नव्हती. पोरीने ताईची रिबीन माझ्या डाव्या हाताला बांधली. पाटीही तिनेच लिहिली : 'बसू नका, कोणीतरी यायचंय.'

"शाळेच्या प्रदर्शनाला आई येणार आहे," ती बाईंना हळूच म्हणाली. "मला बोलता येत नाही तिच्याशी. हे बघेल ती."

बाईंनी तिला जवळ घेतलं. "हिला कोणी हात लावणार नाही. माझा शब्द." मीही त्या शब्दावर विसंबले.

प्रदर्शनाच्या दिवशी प्रमुख पाहुणे आले आणि सोबत न बोलावलेले त्यांचे मेहुणे. मंचावर एक खुर्ची कमी पडली. मुख्याध्यापक धावत आले. "बाई, मेहुण्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवायचं का? ही द्या."

"सर, ही मुलांची कलाकृती आहे."

"अहो, खुर्चीच आहे ना शेवटी?"

बाई घुटमळल्या. वाटलं, आता भांडतील. त्यांनी कात्री उचलली.

"थोड्या वेळाचा प्रश्न आहे, नंतर बांधू," असं पुटपुटत त्यांनी एकेक दोरा कापला. गाठ सुटेना, म्हणून रिबीनही कापली. मौनीबाई दारातच उभी होती.

"बाई, सरांनी पाटी वाचली नाही का?"

"मोठ्यांसमोर असं बोलायचं नसतं, बाळा."

मेहुणे माझ्यावर ऐसपैस बसले आणि पेंगले. पाहुण्यांनी 'मुलांच्या कल्पनाशक्तीला पंख द्या' असं लांबलचक भाषण केलं. बाईंनीही टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापकांचा मला राग नाही, त्यांना मी खुर्चीच दिसले. बाईंना तर मी काय आहे ते ठाऊक होतं!

आई उशिरा आली. सगळी टेबलं बघून झाल्यावर तिने विचारलं, "तुझं कुठलं गं?"

"माझं काही नाही," पोर म्हणाली. दोघी घरी गेल्या.

आता मी पुन्हा वर्गात आहे. बाईंनी त्या दिवशी खोक्यात टाकलेल्या वस्तू काढून माफी मागितली, पुन्हा बांधू या म्हणाल्या. कोणी उठलं नाही. मग त्या मौनीबाईजवळ जाऊन बसल्या. "तुला काय करावंसं वाटतं, सांग ना."

तिने कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"तुम्हीच सांगा, बाई. तुम्ही म्हणाल तसं काढते."

बाबांनो, माझ्यावर खुशाल बसा. पण पोरांना शब्द देणार असाल, तर आधी तुमच्या कात्र्या कपाटात कुलपात ठेवा.