मालक नाहीत

"मालिक कहाँ है?"

दारातल्या माणसाने दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा प्रमिलाबाईंच्या हातातली साडी घसरली आणि तिच्यावर चिकटवायच्या टिकल्या फरशीभर सांडल्या. माणसं तिघं होती. पुढच्या साहेबाच्या गळ्यात ओळखपत्र आणि सगळ्यात मागच्याच्या हातात कुलूप. बाईंची नजर त्या कुलुपावरच राहिली.

कुलूप काय करतं ते त्यांनी मागच्याच महिन्यात पाहिलं होतं. सरकारी आवासातलं घर सोडतीत लागलं की ते ठरावीक वर्षं भाड्याने द्यायचं नाही, असा नियम. समोरच्या पुष्पाबाईंनी दिलं. स्वतः गावी जाऊन राहिल्या आणि इथे भाडेकरू ठेवले. एका सकाळी तपासणीवाले आले, त्यांनी माणसांना बाहेर काढलं, कुलूप लावलं, त्याला कापड गुंडाळून लाखेचा शिक्का मारला. आत गॅसवर कुकर तसाच राहिला. पुढे जिन्यात वास सुटला तेव्हा बाईंनी नाकाला पदर लावला, पण जेवण काही जाईना.

"मालक नही साब," बाई म्हणाल्या.

"कब से नहीं हैं?"

"दो बरस हुआ."

आता मालक या शब्दाला दुसरा अर्थ आहे हे बाईंना ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. पण माणूस घाबरला की आधी घरचा अर्थ धरतो. सगळ्या संसारात त्यांनी नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. मालक म्हणजे राघो. आणि राघो दोन वर्षांपूर्वी छातीत कळ येऊन गेला होता.

"और आप?"

"मैं इधरच रहती ना साब. भाडा टाइम पे भरती. एक महिना नही चुकाया. पूछो किसको भी."

हे त्या अभिमानाने बोलल्या, हेच वाईट झालं. घरासाठी बँकेचं कर्ज होतं आणि त्याचा हप्ता जात होता. पण धुळ्याकडून सुरतेला आल्यापासून बाईंनी पांडेसरा आणि बमरोलीच्या खोल्यांमधून नुसतं भाडंच भरलं होतं. हप्ता हा शब्द त्यांच्या जिभेला कधी चिकटलाच नाही. महिन्याच्या महिन्याला जातं ते भाडं, मग ते कुठेही जावो.

साहेब मागे वळून गुजरातीत म्हणाला, "भाडुआत छे." म्हणजे भाडेकरू. कुलूपवाल्याने मान हलवली. दारावर एक कागद चिकटवला गेला.

"सोमवार को फिर आएंगे. मालिक को बुलाके रखना. नहीं आया तो सील."

तिघं जिना उतरून गेले. बाई चौकट धरून उभ्या राहिल्या. मालकाला बोलावून ठेवा म्हणे! तापीच्या काठी ज्याला पोचवून आलो, त्याला कुठून बोलावणार? म्हणजे यांना कळलं. घरातला पुरुष गेला हे कुणीतरी जाऊन सांगितलं, आणि आता घर जाणार.

ही भीती काही आजची नव्हती. बमरोलीच्या खोलीत असताना शेजारचा लक्ष्मण लूमवर काम करता करता शॉक लागून मेला. त्याचं दहावं व्हायच्या आत खोलीमालक येऊन त्याच्या बायकोला म्हणाला, "बहन, अब तुम्हारा भाडा कौन भरेगा?" ती बाई पोराला कडेवर घेऊन पत्र्याची पेटी ओढत गल्लीतून गेली. पेटीचा तो खरखर आवाज ऐकून बाईंनी राघोचा हात धरला होता. पुढे सोडतीत हे घर लागलं. कागदावर घरातल्या बाईचं नाव हवं असा नियम म्हणून प्रमिलाबाईंचं लिहिलं, तेव्हा राघो खूप हसला होता. "आते तू मालकीन," म्हणाला होता. बाईंनी ती थट्टाच धरली. नाव कागदावर कुणाचंही असेना, घर पुरुषाचं असतं, एवढं त्यांना कळत होतं.

मुलगा हेमराज कारखान्यावरून यायच्या आत त्यांनी ओल्या फडक्याने दारावरचा कागद खरवडून काढला. पोराला सांगायचं नाही. तो तापट, ऑफिसात जाऊन भांडेल आणि होतं तेही जाईल.

मग त्यांनी सामान बांधायला घेतलं. कुकर आत राहायला नको, हे एकच डोक्यात होतं. पितळी डबे एका गोणपाटात, गोधड्या चादरीत, देव एका रुमालात. बाहेर कुणाच्या चपला वाजल्या की गाठ मारता मारता हात थांबायचा. चपला वरच्या मजल्यावर गेल्या की पुन्हा गाठ.

"माय, हाई काय बांधी ठेयं?" हेमराजने जेवताना विचारलं.

"जुनंपानं शे. भंगारवालाले देवानं शे."

"देवबी भंगारमा देस का?"

बाईंनी त्याला आणखी वाढलं. त्याने ताट बाजूला सारलं. "तुनं तोंड कसं उतरी गयं. बरं नही का तुले?"

"माले काय व्हयनं? जेव तू गुमान."

त्या दिवसांत बाईंनी पातळ खिचडीखेरीज काही शिजवलं नाही. निघायची वेळ आली तर एका हाताने उचलता येईल अशी लहान पातेली तेवढी बाहेर ठेवली होती.

सोमवारी हेमराज कामावर गेला आणि थोड्याच वेळात ते तिघं आले. साहेब सरळ आत आला आणि गाठोड्यांपाशी थांबला.

"सामान बांध लिया? मालिक ने निकाला?"

साहेबाने भिंतींवरून नजर फिरवली. कॅलेंडर नाही, तसबीर नाही, कपड्यांची दोरीही खिडकीच्या गजाला बांधलेली. आरसा खिडकीत टेकवलेला, घड्याळ फळीवर आडवं.

"देख, एक खीला नहीं दीवार में," तो कुलूपवाल्याला म्हणाला. "अपने घर में कोई ऐसे रहता है?" कुलूपवाला कापड उलगडायला लागला. ते लाल कापड बघून बाईंना रडू कोसळलं. त्या मटकन गाठोड्यावर बसल्या.

साहेब जरा वरमला. "रोओ मत, मासी. आपका दोष नहीं. घर जिसका है उसको पकड़ेंगे. बोलो, भाडा किसको देती हो?"

"बँकवाले को."

"किसको?"

"बँक को, साब. पासबुक है मेरे पास. हेमराजके पगारमेसे हर महिने कटता."

साहेबाने हातातला कागद उलगडला. मग हळूच म्हणाला, "मासी, आपका पूरा नाम बोलो."

"प्रमिला राघो बोरसे."

नवऱ्याचं नाव तोंडातून गेलं हे त्यांना कळलंसुद्धा नाही. साहेबाने हातातला कागद पाहिला, पुन्हा बाईंकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. "प्रमिलाबेन राघोभाई! अरे, मालिक तो आप खुद हो!"

"नही साब." बाईंनी डोळे पुसत कोपऱ्यातल्या पिठाच्या डब्याकडे बोट केलं. डब्यावर भिंतीला टेकून राघोचा फोटो उभा होता, वाळलेला हार घातलेला. "मालक ये."

कुलूपवाला हसणार होता, पण साहेबाने बघितलं तसा तो थांबला. त्याने कापडाची घडी केली.

"फोटो नीचे क्यों रखा?" साहेबाने विचारलं.

"खिळा मारने को मालक नही बोलता ना..." बाई बोलून गेल्या आणि अडल्या. हा मालक कोणता? बमरोलीचा मागेच सुटला. पांडेसऱ्याचा त्याच्याही आधी. डब्यावरचा तर काहीच बोलत नव्हता. त्या साहेबाच्या तोंडाकडे बघत राहिल्या, जणू तोच सांगेल.

साहेबाने कागदावरचं काहीतरी खोडलं, दुसरं लिहिलं आणि बाईंची सही घेतली. "पहले बोलना था ना, मासी," एवढंच तो थोड्या रागाने म्हणाला, आणि जिना उतरून गेला. कुलूप त्यांच्याबरोबर गेलं.

बाईंची भीती मात्र गेली नाही. त्यांनी दार लावलं, कडी पुन्हा ओढून बघितली. देवांचा रुमाल सोडला. मग गोणपाटातून खलबत्त्यातला बत्ता काढला आणि जुन्या डब्यातला एक वाकडा खिळा शोधून तो फरशीवर ठोकून सरळ केला.

फोटोवरचा वाळका हार त्यांनी काढून ठेवला. भिंतीवर, दारातून येणाऱ्याला पहिला दिसेल अशा जागी, खिळा धरला. पहिला ठोका अगदी हळू मारला, आणि सवयीने दाराकडे बघितलं.

कुणी आलं नाही.

मग त्यांनी दुसरा मारला.