गळ्यात पडून गायलेला ढावलो

"म्हातारीले सांग न जोरानं गाय म्हनून! मशीन कायले खोलून राह्यली?" भीमराज गल्ल्यावरून ओरडला.

ममताच्या तोंडात दोन स्क्रू होते, नाहीतर तिनं तिथल्या तिथं ऐकवलं असतं. दारव्ह्यातल्या भीमराजच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ती अकरा वर्षं सोल्डरिंग करत होती. आज मात्र तिच्यापुढे तिचाच सेकंडहँड रेकॉर्डर पोट उघडून पडला होता.

पुण्यातल्या एका संग्रहासाठी तांड्यातली जुनी गाणी गोळा होत होती. ममतानं आजीचा, जमनाबाईचा ढावलो पाठवला. सासरी निघालेली मुलगी घरच्या एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते, तो ढावलो. तिकडून साहेबांचा फोन आला, "आवाज फार बारीक आहे हो, वर खरखर. शनिवारपर्यंत नीट मिळालं नाही, तर स्टुडिओत दुसऱ्या बाईंकडून गाऊन घेऊ."

दुसऱ्या बाई! ममताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजीचं रडणं दुसरी बाई रडणार, तेही वातानुकूलित खोलीत!

दोष माइकचा नव्हता. माइकचा बारीक आवाज उचलणारा प्रीअँपच हलका होता. आवाज उचलायचा गेन वाढवला की आजीबरोबर खरखरही वाढायची. बाहेरून जोडायचा स्वस्त प्रीअँप तिनं आणून पाहिला, तर त्याची स्वतःचीच खरखर. चांगल्या प्रीअँपला वेगळी वीज लागायची, आणि तांड्यातल्या विजेचा काय भरवसा? शेवटी तिनं ठरवलं, रेकॉर्डरमधल्या प्रीअँपच्या दोन चिपाच बदलायच्या.

"वॉरंटी जाईन," भीमराज म्हणाला.

तिनं स्क्रू हातात घेतले. "सेकंडहँडले कायची वॉरंटी, भाऊ?"

चिपा बसल्यावर तिनं हेडफोन लावून गेन पूर्ण वाढवला. खरखर नाही. समोरच्या टपरीवर कोणी साखर ढवळत होतं, तो चमचासुद्धा ऐकू आला. अर्धेच स्क्रू लावून ती दुपारच्या जीपनं तांड्यात गेली.

आजीला खुर्चीवर बसवलं, समोर स्टँडवर माइक. जमनाबाईनं दोन ओळी म्हटल्या आणि थांबली. आवाज स्वच्छ होता, पण मेलेला.

"चिपा चुकल्या का काय?" ममता करवादली.

"मशीनले काहून दोष देऊन राह्यली?" आजी म्हणाली. "माह्यापुढंच गळा नाही. ढावलो काय या दांड्याच्या गळ्यात पडून गाऊ?"

ममताला स्वतःचीच लाज वाटली. बंजाऱ्याची लेक असून ती आजीला शाळेतल्या पोरीसारखी कविता म्हणायला लावत होती. तिनं स्टँड आडवा केला, त्यावरचा छोटा माइक आपल्या खांद्याशी ओढणीला लावला आणि आजीपुढे गुडघ्यांवर बसली.

जमनाबाईनं दोन्ही हात तिच्या गळ्यात टाकले. "याडी..." म्हणून सूर धरला. याडी म्हणजे आई. ऐंशी वर्षांची बाई नातीला आई म्हणून हाक मारत होती, कानाशी, जवळजवळ कुजबुजत. ममताच्या पाठवणीला डीजे एवढा वाजत होता की तिचा ढावलो कुणालाच ऐकू आला नव्हता. दुसऱ्या वर्षी ती सासरहून कायमची परत आली. आज तिला हुंदका आवरला नाही.

शनिवारी साहेबांचा फोन आला. "अप्रतिम! खरखर अजिबात नाही. मध्ये कुणीतरी हुंदका देतंय, तेवढा आम्ही काढून टाकतो."

"नाही काढाचा."

"अहो, तो गाण्याचा भाग नाही."

"साहेब, खरखर मशीनची होती, थे म्या काढली. हुंदका गाण्यातलाच हाये. ज्याच्या गळ्यात पडून गातेत, थो रडतेच. हुंदका काढान, तर आजीलेबी काढा. मंग बोलवा तुमच्या दुसऱ्या बाईले!"

भीमराज हातातलं काम थांबवून पाहत राहिला.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "राहू दे. पण नोंदीत काय लिहू? आवाज दोघींचे आहेत."

"लिहा, गानारी जमनाबाई." तिनं खांद्यावरची ओढणी सावरली. "आन् याडी, ममता."

फोन ठेवून तिनं रेकॉर्डर पुढ्यात ओढला आणि राहिलेले स्क्रू एकेक करून घट्ट पिळले.