पट्ट्याची ओढ

सिरसाळ्याच्या धुळाजींच्या डाळमिलचा शाफ्ट चालू मशिनात तुटला. पुली उडाली ती शेजारी तूर निवडत बसलेल्या सारजाबाईच्या खांद्यावर. हाड मोडलं. शाफ्ट चौसाळ्याच्या मुंजाजीनं लेथवर कातून दिला होता. धुळाजींनी त्याला बोलावून घेतलं आणि सगळ्या कामगारांसमोर झापलं, "कसलं भंगार लोखंड घातलंस बे?"

धुळाजींची मुलगी उज्ज्वला बीडला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. ती आली, तुटलेला तुकडा तिनं उजेडात धरला. बेअरिंगला लागून, कडेला सुरू झालेली चीर हळूहळू आत सरकली होती. उरलेलं लोखंड एकदम तुटलं होतं.

तिला आठवलं, उन्हाळ्यात अप्पांचा, म्हणजे धुळाजींचा, फोन आला होता. चाळणीची अडचण होत होती म्हणून पुली बेअरिंगच्या बाहेर, लांब न्यायची होती. "शाफ्ट टिकंल का, बाई?" ती पेपर तपासत होती. मोटारीची ताकद विचारून तिनं शाफ्टवर येणारा पीळ तेवढाच हिशोबात धरला आणि म्हणाली, "टिकेल की!"

पण पुलीवरचा पट्टा शाफ्टला नुसता फिरवत नाही, स्वतःकडे ओढतोही. पुली बेअरिंगपासून जितकी लांब, तितका शाफ्ट जास्त वाकतो; आणि फिरताना त्याची प्रत्येक बाजू आलटून पालटून ताणली जाते, दाबली जाते. पीळ आणि वाक एकत्र धरायचे, हे ती दरवर्षी फळ्यावर शिकवत होती. आता दोन्ही धरून हिशोब केला, तर वाकच पिळापेक्षा कितीतरी जास्त निघाला. लोखंडात खोट नव्हती.

ती चौसाळ्याला गेली. मुंजाजीचं लेथ बंद होतं.

"आता मलाच भरवसा न्हाई राहिला, ताई," तो म्हणाला. "इतकी वर्सं लोखंड हाताळलं, पर वळखायला चुकलो आसंन."

तिला त्याच्याकडे बघवेना. "तुम्ही नाही चुकलात. चूक माझी आहे." तिनं सगळं सांगितलं.

मुंजाजीनं हातातलं फडकं लेथवर टाकलं. मग म्हणाला, "हे मला कावून सांगता? जिथं मला बोलले, तिथं सांगा."

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये सगळे जमले असताना ती उभी राहिली. चूक मुंजाजीची नाही, आपली आहे, हे तिनं सांगितलं. कुणीतरी हळूच म्हणालं, "अन् ही पोरांला शिकविती." धुळाजी ताडकन उठले. "घरात सांगायचं व्हतंस!" आणि बाहेर निघून गेले. मुंजाजीची माफी त्यांनी मागितली नाही.

नवा शाफ्ट मुंजाजीनंच कातला, जाड. पुलीच्या पलीकडे आणखी एक बेअरिंग बसवलं. काम होईपर्यंत तो उज्ज्वलाशी कामापुरतंच बोलला.

मिल सुरू झाली त्या दिवशी ती सारजाबाईच्या घरी गेली. सारजाबाईचा उजवा हात गळ्यात बांधलेला. चूक कुणाची हे तिला कळलं होतं.

"बसा की, ताई," सारजाबाई म्हणाली आणि डाव्या हातानं चटई ओढायला लागली. चटई एका हातानं उलगडेना. उज्ज्वला पुढं झाली, तशी सारजाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. सवय करायलाच पायजे."

उज्ज्वला उंबऱ्याशी उभीच राहिली.