तलावातले पापलेट

जाळं वर आलं आणि मी पदर नाकाला लावला. काळा चिखल, डायपर, गुटख्याच्या पुड्या. मासा म्हणाल तर औषधालाही नाही.

याच तलावाचं पाणी पिऊन माझी म्हैस तडफडून मेली. कारखान्याचा नाला थेट यात सुटतो आणि कारखाना सरपंचाच्या मेव्हण्याचा, मग बोलणार कोण? तक्रार मीच केली. तलावात मासे आहेत का बघायला सरकारी माणूस आला, नागपूरकडचा संघपाल. मासे नसले तर नाला बंद होणार होता.

माझं मराठी ऐकून तो चकित झाला. "ताई, तुम्ही फरीदाबादकडे कशा?"

"परभणीची हाय म्या, इकडं दिली. मासळीचं नुसतं नाव काडलं तरी आमची सासू आंगुळ करती. तुमी आनिक येकदा जाळं टाका, साहेब."

तेवढ्यात सरपंच हसत आला. "साहब, उधर पीपल के नीचे डालो. मछली उधर रहती है."

तिकडे टाकलं, तर जाळं भरून चकचकीत चपटे मासे आले. सगळे ताठ, डोळे पांढरे. सरपंचाने टाळ्या वाजवल्या. संघपालने एकाचा कल्ला उघडून पाहिला आणि त्याचं तोंड कडू झालं.

"सरपंचजी, ये पापलेट है. समुंदर की मछली. मीठे पानी में नहीं रहती. और ये तो मरी हुई है."

सरपंच सोबतच्या गड्यावर उखडला. "सबसे महँगी मँगवाई थी! पानी में जाकर भी नहीं हिली?"

म्हणजे बाजारातली बर्फातली मासळी पाण्यात सोडली की पोहायला लागेल, असं या शहाण्याला वाटलं होतं! उभ्या जन्मात मासा हातात धरला नाही आणि निघाला तलाव जिवंत करायला. हसू यायला हवं होतं. पण त्या घाणीपेक्षा मला त्याचीच किळस आली.

"साहेब, ल्ह्या आता. भेता काय?"

"भीत नाही, ताई." संघपालने सगळ्यांदेखत लिहिलं, तलावात जिवंत मासा नाही. सरपंच पाय आपटत गेला. त्या दिवशी मी घरात गोडाचं केलं.

पुढच्या आठवड्यात तलावावर टेम्पो उभा दिसला. गडी पाण्यात पोती ओतत होता. सांडलेलं चिमूटभर जिभेवर ठेवलं, तर मीठ!

"दुबारा जाँच होगी," गडी म्हणाला. "साहब बोले थे ना, मीठे पानी में नहीं रहती. अब खारा कर रहे हैं."

त्याच्या पाठीमागे नाला तसाच धो धो वाहत होता. मी तिथेच थुंकले.