जिनिंगची मानसिक पाहणी

चुडामणने बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं, तेव्हाच अर्ध्या गावाने त्याच्याकडे दयेने पाहिलं होतं. आता १९५७ साली त्याला पुढे औद्योगिक मानसशास्त्र शिकायचं होतं. कारखान्यातला माणूस का थकतो, का रुसतो, का रेंगाळतो, याचं शास्त्र. मुंबई, बडोदा आणि कलकत्ता इथली माहितीपत्रकं पोस्टाने आली. वडिलांनी, म्हणजे अभिमन आबांनी, ती ओट्यावर मांडली आणि गावाने निवड सुरू केली. मुंबईत शेजारच्या पितांबरचा साडू राहतो म्हणून मुंबई बरी. बडोद्याला भाजीत गूळ घालतात म्हणून बडोदं बाद. कलकत्त्याला घरोघर मासे, आणि आबांच्या गळ्यात माळ. आत काय शिकवतात ते पान कोणी उघडलंसुद्धा नाही. सल्ला द्यायला तेवढी माहिती कशाला लागते?

चुडामणचा जीव कलकत्त्यावर होता. पण कुठेही जायचं तर अर्जासोबत एका कारखानदाराचं पत्र हवं होतं, की उमेदवाराने आमच्याकडे पाहणी केली आणि ती उपयोगी पडली. पत्र नाही मिळालं तर जन्मभर एरंडोलला मास्तरकी. जवळपास कारखाना एकच, गावाबाहेरची रुपचंदनानांची जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायची गिरणी. चुडामणची वहिनी लताबाई तिथेच कापूस निवडायला जायची.

"मन?" नाना म्हणाले. "कापूस निवडाले मन काय कामनं? हात पाह्यजेत. पन देख. दुपारनंतर काम का मंदावस, ते सांग. पत्र देसू."

चुडामण घड्याळ आणि वही घेऊन हजर झाला. पुस्तकात सांगितल्याबरहुकूम त्याने आधी तीस प्रश्नांची प्रश्नावली केली. 'मालकांच्या वागणुकीबद्दल समाधान वाटते काय?' असा एक प्रश्न त्यात होता. तो विचारताना नाना चार हातांवर खुर्ची टाकून बसले होते. सगळ्या बायांनी एकच उत्तर दिलं, "नाना देवमानूस शे." चुडामणने वहीत लिहिलं: समाधान शंभर टक्के. शास्त्राची सुरुवात तर झोकात झाली.

मग आठ दिवस तो नुसता बघत बसला आणि तिथे मात्र त्याचे डोळे उघडले. नाना जेवून यायचे, दाराशी खुर्ची टाकायचे आणि थेट दिवेलागणीला उठायचे. बाया सगळ्या त्यांच्याच गावच्या. त्यातल्या निम्म्या गावच्या सुना, निम्म्या गावच्या लेकी. नाना म्हणजे सुनांचे सासरे. सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळता कामा नये, म्हणून सुनांचा एक हात पदराला आणि एकच हात कापसाला. पदर दातात धरावा तर कापसाचे तंतू घशात जातात. लेकींना ही भानगडच नव्हती. नाना त्यांचे काका, त्या खुशाल दोन्ही हातांनी निवडत होत्या. घरी वाऱ्यासारखी काम करणारी लताबाई इथे लुळी पडल्यासारखी दिसत होती.

चुडामणला आभाळ ठेंगणं झालं. त्याने हा शोध बायांची मुकादम भिकुबाई हिला सांगितला.

"हाई तर बठ्ठास्ले माहीत शे," ती म्हणाली. "नानास्नी खुर्ची उचला, काम दुप्पट."

"मंग आजवर सांगं का नही?"

"कोन्ही इचारं का?"

त्याने अकरा पानांचा अहवाल लिहिला. सुना किती, लेकी किती, कोण तासाला किती निवडते, सगळं कोष्टकात मांडलं. शेवटी 'उपाय' असं लिहून त्याखाली रेघ मारली आणि लेखणी थांबली. उपाय चार शब्दांचा होता: मालकांनी खुर्ची कचेरीत न्यावी. पण मालकांनाच ऊठ म्हणायचं आणि त्यांच्याकडेच पत्र मागायचं? त्याने 'उपाय' खोडलं आणि लिहिलं, 'निष्कर्ष मालकांच्या विचारार्थ सादर.'

नानांनी अहवाल दोनदा वाचून घेतला आणि मांडीवर थाप मारली. पत्र तिथल्या तिथे, छापील कागदावर: 'या तरुणाने आमच्या धंद्याचे डोळे उघडले.' आबांनी ते दिवसभर खिशात घालून मिरवलं. कलकत्त्याच्या माशांबद्दलची त्यांची हरकतही त्या पत्रापुढे टिकली नाही.

सोमवारी नानांनी विचार केला. एकूण एक सुनांना कामावरून काढलं आणि त्यांच्या जागी गावातल्या आणखी लेकी बोलावल्या. नाना दाराशीच बसून राहिले.

लताबाई भरदुपारी घरी आली. फडक्यातली भाकरी तशीच बांधलेली होती. ओट्यावर आबा पितांबरला पत्र वाचून दाखवत होते, म्हणून ती मागच्या दाराने आत गेली. चुडामण मागोमाग गेला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"परीक्षा तुमनी व्हती ना, भाऊ?" ती म्हणाली. "मंग नापास माले कसं करं?"

"खुर्ची हालाडा अशे मी लिखनार व्हतू, वहिनी."

"मंग लिखं का नही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ते पत्र अर्जाला टाचलं आणि टपालात टाकून आला.