उजळलेलं पोवळं

दादा जिन्यावरून घसरले आणि गुडघ्याची वाटी फुटली. स्ट्रेचरवर आडवे असताना त्यांनी बहिणीला जे बजावलं, त्यात गुडघ्याचा उल्लेखच नव्हता.

"छकुली, पोवळ्याकडे लक्ष ठेव. माशांना काय, कुणीही खायला घालील."

ही छकुली म्हणजे खालच्या मजल्यावरच्या, केस पिकलेल्या, दातांच्या डॉक्टरीणबाई. भल्याभल्यांना त्या एका शब्दात 'आ' करायला लावत. दादांपुढे मात्र त्या अजून छकुलीच होत्या.

दादांच्या बैठकीत खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी होती. मध्यभागी फांद्याफांद्यांचं जिवंत पोवळं. रंग कसा, तर तासभर उकळत विसरलेल्या चहाचा. डॉक्टरीणबाईंनी चष्मा सावरून पाहिलं आणि त्या शहारल्या. आयुष्यभराचा त्यांचा अनुभव सांगत होता, तपकिरी म्हणजे हयगय.

"केवढा थर बसलाय! मऊ ब्रश फिरवू का हलका?"

"ब्रश नको," त्यांचे यजमान म्हणाले. त्यांचं रंगाचं दुकान होतं आणि त्यांना अख्खं जग शेडकार्डासारखं दिसायचं. "दिवा वाढव. मिणमिणत्या उजेडात कुठलाच रंग खुलत नाही."

बाईंनी टाकीवरच्या दिव्याचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

आणि पोवळं खरंच उजळायला लागलं. आधी बदामी, मग फिकट गुलाबी. यजमान रोज संध्याकाळी वर येत, मान तिरकी करत आणि शेड जाहीर करत. "आज मोतिया!" समोरच्या वहिनी तर टाकीपुढून हलेनात. "डॉक्टर, तुमचा हात लागला नि पोवळ्याचं सोनं झालं हो!"

बाईंना एकच गोष्ट खुपत होती. आधी फांद्यांवर चांदण्यांएवढी इवली इवली तोंडं उघडलेली दिसायची. आता सगळं गुळगुळीत. तोंड मिटून बसलेला पेशंट घाबरलेला असतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? पण कौतुक गोड असतं. त्यांनी तिकडे काणाडोळा केला.

पुढच्या आठवड्यात दादा व्हिडिओ कॉलवर आले. बाईंनी मोठ्या तोऱ्यात फोन टाकीसमोर धरला. "बघ, ओळखू येतंय का!"

पलीकडून अशी आरोळी उठली की टाके उसवले समजून नर्स धावत आली.

"अगं, उपाशी मारलंस त्याला!"

"मारलं? उजळलंय ते!"

"उजळलं कसलं, पांढरंफटक पडलंय! तो तपकिरी रंग त्याच्या अंगात राहणाऱ्या शेवाळाचा. तेच त्याला पोसतं. उजेडाचा मारा झाला की निघून जातं. आता जे पांढरं दिसतंय ना, तो त्याचा सापळा आहे, सापळा! धुगधुगी असेल अजून, आधी दिवा मंद कर!"

"आजोबा, पाय हलवू नका," नर्स म्हणाली.

"पाय गेला खड्ड्यात!"

यजमान पुटपुटले, "मी मोतिया म्हणत होतो..." आणि दुकान उघडायच्या निमित्ताने सटकले.

बाईंनी दिवा मंद केला. कान धरून बसावं तर दवाखान्यात पेशंट खोळंबलेले. पण रोज संध्याकाळी त्या वर येऊन बसू लागल्या. दादांनी सांगितल्याप्रमाणे पातळ खाद्य ड्रॉपरने फांद्यांवर सोडत आणि नकळत म्हणत, "आ करा बरं... थोडंसं... शाब्बास." कुणी आ करत नव्हतं. कडेची एक फांदी तर गेलीच. तिच्यावर हिरवी बुरशीसारखी लव चढली, तेव्हा बाईंना रात्रीचं जेवण गेलं नाही.

मग एके संध्याकाळी बुडाशी एक तोंड उघडलं. टाचणीच्या डोक्याएवढं. बाई खुर्चीवरून अशा किंचाळल्या की यजमान एका पायात चप्पल घालून वर पळत आले. "काय झालं? फुटली का टाकी?"

"आ केला हो त्याने!"

हळूहळू रंग परतला. आधी मळकट, मग चांगला गडद.

दादा वॉकर टेकत घरी आले ते थेट टाकीपाशी. बाई मुख्याध्यापकांसमोर उभं राहावं तशा उभ्या होत्या. "एक फांदी गेली रे," त्यांनी आधीच सांगून टाकलं.

दादांनी काचेला नाक लावलं. एकेक फांदी निरखली. "बाकीच्या जगवल्यास की," ते म्हणाले, आणि लगेच, "काय घाणेरडा रंग आलाय! व्वा!"

तेवढ्यात वहिनी विचारपूस करायला आल्या. टाकीकडे नजर जाताच त्यांनी हात गालाला लावला. "अगंबाई! किती सुरेख झालं होतं. पुन्हा काळवंडलं की!"

"बरं झालंय ते आता," बाई म्हणाल्या.

वहिनींनी त्यांच्याकडे, मग दादांकडे कणवेने पाहिलं. भावाच्या आजारपणात बिचारीची फार ओढाताण झाली, एवढं म्हणून त्या खाली उतरल्या. जिन्यात नवऱ्याला सांगताना त्यांचा आवाज ऐकू आला, "अहो, डॉक्टरांची नजर अधू झाली वाटतं. दात काढायचा असला तर जरा जपून."

दादा इतके हसले की त्यांना धरून खुर्चीत बसवावं लागलं.